क्रिस्तपुराणाची लिपि

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्युइट धर्मोपदेशकाचें क्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांत राशोल (रायतूर) येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु तिन्हींपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ राखला तो हस्तलिखितांनीं. रोमन हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें १०,९६२ ओव्यांचा हा ग्रंथ पुन्हां छापिला.

यावरून रोमन हीच कवीच्या आवडीची लिपि, असा समज होतो. तो त्यांच्याच पत्रानें खोटा ठरतो. ५ डिसेंबर १६०८ रोजीं आपल्या संघप्रमुखास लिहितांना, या देशच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापावीं अशी आपली बहुत वर्षांची इच्छा ते कळवितात. अडचण होती खिळ्यांची: अक्षराकृति सुमारें ६०० भरत, त्या २०० साच्यांत बसवितां येतील, इतका हिशेबहि त्यांनीं मांडला होता. आठ वर्षांनीं ग्रंथ निघाला तो मात्र रोमन लिपींत. सारांश, ती लिपि मुद्रणाची अडचण होय, कवीची निवड नव्हे.

ग्रंथाची घडणहि हेंच सांगते. श्रद्धा कॅथलिक; पण छंद ओवीचा, आरंभ ब्राह्मणाच्या प्रश्नानें, आणि स्वर्गाचें नांव वैकुंठ.

लंडन येथील मार्सडेन संग्रहांत या पुराणाची नागरी प्रत आहे. जस्टिन ॲबट यांनीं ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अभ्यासकांपुढें आणिली. तिची भाषा रोमन पाठाहून अधिक संस्कृतप्रचुर आहे. म्हणून तीच मूळ मानावी काय? कवीचे मूळ शब्द तींत राहिले असतील, किंवा मागाहून कोणीं पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत शब्द घातले असतील. १६०८ चें पत्र लिपीचा निर्णय देतें, पाठाचा देत नाहीं.

पाठाचा निर्णय ओवीगणिक ताडून पाहिल्यानेंच होईल. रोमन प्रतींत मूर्धन्य वर्णांसाठीं अक्षर दोनदां लिहीत. त्यामुळें 'पुराण' यांतील ण आणि 'अन्न' यांतील न्न दिसण्यांत सारखेच. अशा ठिकाणीं नागरी प्रत साक्षीस घ्यावी. जेथें शब्दच निराळा, तेथें दोन्ही पाठ नोंदवावे. शां. पां. बंडेलू यांनीं १९५६ सालीं क्रिस्तपुराण नागरींत आणून मराठी वाचकांची मोठी सोय केली. तथापि रोमन छापील पाठाचें लिप्यंतर म्हणजे मूळ नागरी पाठ नव्हे.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या ख्रिस्ती घराण्यांत किंवा मठांत रोमन अक्षरांची पोथी दिसल्यास ती परभाषेची समजून बाजूस सारूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचाव्या. ओवी कानाला लागली, तर ती पोथी मराठीची आहे.