एकाच्या पैशात तीन

पंक संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, की मी आधी त्याच्या घराच्या भिंती किती जाड आहेत याची चौकशी करतो. हे संगीत हळू आवाजात लावलं तर आपल्याला कळत नाही आणि मोठ्या आवाजात लावलं तर आपल्या आधी शेजाऱ्यांना कळतं. भिंती भरवशाच्या निघाल्या, की मी एकच नाव सांगतो : ‘द क्लॅश’.

कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. या गृहस्थाला असल्या आरडाओरड्याचं काय कौतुक, असं आमच्या शाखेत पुष्कळांना वाटतं. पण मी क्लॅशकडे गेलो तो गाण्यांमुळे आणि तिथे रमलो तो हिशेबामुळे. तोट्यात गेलेले बँड पुष्कळ आहेत. पण माल जास्त, दाम कमी, असं ठरवून, राजीखुशीने तोट्यात गेलेला असा दुसरा बँड मला भेटलेला नाही.

बँड जमला १९७६ साली, लंडनमध्ये. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. रिकामटेकड्या पोरांनी गिटार हातात घ्यायची, तीन कॉर्ड शिकायच्या आणि चौथी येण्याची वाट न बघता कार्यक्रम जाहीर करायचा, हे पंकचं धोरण. यातला मुख्य गायक जो स्ट्रमर. खरं नाव जॉन मेलर, जन्म १९५२, तुर्कस्तानात अंकाराला. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात कारकुनीतून वर चढलेले, आणि त्यांचा स्वतःचा जन्म आपल्या लखनौचा! गिटारवाला मिक जोन्स काही काळ सरकारी भत्ता वाटणाऱ्या कचेरीत कारकून होता. ते दिवस टपालातून बॉम्ब येण्याचे होते, आणि टपाल फोडायचं काम सर्वांत कनिष्ठ माणसाकडे. साहेब लोकांची कार्यवाटपाची पद्धत जगभर एकच आहे, हे पाहून मला भरून आलं. या अनुभवातून ‘करिअर ऑपॉर्च्युनिटीज’ हे गाणं निघालं. आमच्याकडे याच अनुभवातून फक्त बदलीचा अर्ज निघतो.

जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस कंपनीने त्यांना एक लाख पौंड दिले. लोक म्हणाले, क्रांतिकारक विकले गेले. लोकांना उचल आणि बक्षीस यांतला फरक कळत नाही. उचल ही पुढे रॉयल्टीतून वळती होते. आमच्याकडच्या फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्ससारखीच. पहिली रेकॉर्ड, नाव नुसतं ‘द क्लॅश’, तीन आठवड्यांच्या शनिवार-रविवारी मिळून, चार हजार पौंडांत उरकली. अमेरिकेतल्या शाखेने ती काढायलाच नकार दिला. तेव्हा तिथल्या लोकांनी इंग्लंडहून आयात केलेल्या प्रती विकत घेतल्या, त्याही लाखाच्या घरात. मग १९७९ साली अमेरिकन शाखेला एकाएकी तिच्यातले गुण दिसले.

दुसरी रेकॉर्ड १९७८ ची, ‘गिव्ह देम इनफ रोप’. अमेरिकन निर्माता लावून जरा घासूनपुसून केलेली. चांगली आहे, पण पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेल्या पोह्यांसारखी. वाईट काही नसतं, पण रोजची चव येत नाही.

आता तिसरी, ‘लंडन कॉलिंग’, १४ डिसेंबर १९७९. इथून बँडमधल्या माझ्या जातभाईंचं डोकं चालायला लागतं. त्यांना दोन तबकड्यांचा संच एकीच्या किमतीत काढायचा होता. कंपनी म्हणाली, जमणार नाही. ठीक आहे, मग सोबत एक जादा तबकडी फुकट देऊ? कंपनी हो म्हणाली. त्या जादा तबकडीवर एखाददुसरं गाणं असेल, असा कंपनीचा समज. यांनी तिच्यावर नऊ गाणी भरली! एकूण एकोणीस. त्यातलं शेवटचं ‘ट्रेन इन व्हेन’ इतकं आयत्या वेळी आलं, की वेष्टनावरच्या यादीत त्याचं नावच नाही. नियमात राहून नियमाचा असा पराभव करायला अंगात कारकुनीच लागते.

वेष्टनावर बेस वाजवणारा पॉल सिमोनन आपलंच वाद्य जमिनीवर आपटतोय. फोटो काढणाऱ्या पेनी स्मिथ यांना तो धूसर म्हणून नापसंत होता. आज तो रॉक संगीतातला सर्वांत ओळखीचा फोटो समजला जातो. अमेरिकेत ही रेकॉर्ड जानेवारी १९८० मध्ये निघाली, म्हणून ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने पुढे तिला ऐंशीच्या दशकातली सर्वोत्तम रेकॉर्ड ठरवलं. चौदा डिसेंबरचं व्हाउचर जानेवारीत टाकलं तर आम्हाला मेमो मिळतो!

यश मिळाल्यावर माणूस भाव वाढवतो. यांनी डिसेंबर १९८० मध्ये तीन तबकड्या काढल्या, ‘सँडिनिस्टा!’, आणि किंमत लावली जवळपास एकीचीच. सहा बाजू, दर बाजूला सहा, एकूण छत्तीस गाणी. कंपनी ऐकेना, तेव्हा ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी चौघांनी सोडून दिली. हे मी प्रथम वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. रक्कम माफ करणं आम्हाला नवं नाही. पण ती नेहमी दुसऱ्याची असते. छत्तीसच्या छत्तीस गाणी चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. सहाव्या बाजूवर तर सुट्टे पैसे मोजून टाकल्यासारखी गाणी आहेत. मात्र तिथे जोन्सच्या कारकुनीचं ते जुनं गाणं लहान मुलांनी म्हटलं आहे. नोकरीवरचा तो संताप शाळकरी आवाजात ऐकला की हसू येतं, आणि मग येत नाही.

१९८२ सालची ‘कॉम्बॅट रॉक’ हीदेखील आधी लांबलचकच होती. ग्लिन जॉन्स या निर्मात्याने कात्री लावून ती एका तबकडीत बसवली. अमेरिकेत दहा लाखांवर खपली. ‘रॉक द कस्बा’चं संगीत ड्रमवाल्या टॉपर हेडनचं, आणि रेकॉर्ड बाजारात येते न येते तोच हेरॉइनपायी त्याला बँड सोडावा लागला. पुढच्या वर्षी जोन्सलाच काढून टाकलं. जमेची बाजू भरली आणि माणसं खर्ची पडली. १९८५ ची ‘कट द क्रॅप’ जोन्सविना निघाली. ‘फालतू भाग काढून टाका’ असा तिच्या नावातच सल्ला आहे, तो मानावा.

तेव्हा क्रम असा : आधी ‘लंडन कॉलिंग’, मग पहिली, मग ‘कॉम्बॅट रॉक’ आणि ‘गिव्ह देम इनफ रोप’. ‘सँडिनिस्टा!’ जोडून सुट्टी आली की.

१५ नोव्हेंबर २००२ ला पश्चिम लंडनमध्ये अ‍ॅक्टन इथे स्ट्रमर आपल्या नव्या बँडबरोबर गात होता. कार्यक्रम संपावर असलेल्या अग्निशामक जवानांच्या मदतीसाठी. श्रोत्यांत मिक जोन्स होता. न ठरवता तो उठला, मंचावर चढला आणि त्याने गिटार घेतली. एकोणीस वर्षांनी दोघे एकत्र वाजवत होते. २२ डिसेंबरला स्ट्रमर हृदयविकाराने गेला. वय पन्नास. दोघांचा शेवटचा हिशेबही असा दुसऱ्याच्या नावावर जमा झाला.

आमच्या शाखेतली नवी मुलं म्हणतात, “काका, हे सगळं मोबाइलवर फुकटच आहे की!” मी म्हणतो, फुकट नाही रे. पैसे भरून झालेत, एवढंच.