कंत्राटदार, भाडोत्री की शिलेदार? युद्धात मेलेल्या पगारी माणसाची बातमी कशी वाचायची

आधी एक छोटा प्रयोग करा. 'प्रायव्हेट सिक्युरिटी कॉन्ट्रॅक्टर' या तीन शब्दांचं मराठी करून बघा. 'खाजगी सुरक्षा कंत्राटदार' म्हटलं की डोळ्यासमोर रस्त्याचं टेंडर भरणारा माणूस येतो. 'सुरक्षारक्षक' म्हटलं की सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. 'भाडोत्री सैनिक' म्हटलं की त्यात शिवी आलीच. माणूस एकच, काम एकच: पगार घेऊन, हत्यार घेऊन, दुसऱ्याच्या युद्धात उभं राहणं. तरी शब्द बदलला की आपल्या मनातला तो माणूस बदलतो. आणि तो मेला की हा फरक फार महाग पडतो.

पेट किंवा सेटच्या तयारीत असलेले बरेच जण मला विचारतात, की 'माध्यमांची भाषा' हा संशोधनाचा विषय कसा होऊ शकतो, त्यात मोजायचं काय? मी स्वतः एम.एस्सी. करून इकडे आले, त्यामुळे मोजता येईल असं काही हाती लागल्याशिवाय मलाही चैन पडत नाही. म्हणून आज हा एकच विषय घेऊन दाखवते. आणि सुरुवात करू या रायगडच्या किनाऱ्यावरून, कारण हा प्रश्न इथे निदान तीनशे वर्षं जुना आहे.

कुलाब्यापुढचे पगारी लोक

डिसेंबर १७२१. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले. जमिनीवरची जमवाजमव चौलच्या बाजूला, समुद्रात कमोडोर मॅथ्यूजचं आरमार. कान्होजी आंग्र्यांच्या मदतीला मराठी घोडदळ आलं, बाजीराव स्वतः आला, आणि मोहीम फसली. पोर्तुगिजांनी नंतर वेगळा तह केला. एवढं आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं.

पण आता या लढाईत कोण कोण होतं ते बघा. ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात भागधारकांची व्यापारी कंपनी, म्हणजे तिच्या पदरचा सैनिक हा खाजगी कंपनीचा पगारी माणूस. तिच्या कागदांत असे लोक 'टोपास', 'लस्कर', 'सीपॉय' अशा गटांच्या नावांनी येतात. आंग्र्यांच्या बाजूलाही पगारी परदेशी होते. या मोहिमेत स्वतः हजर असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये लंडनला पुस्तक छापलं. त्यात मादागास्करहून आलेला जेम्स प्लॅन्टेन नावाचा चाचा आंग्र्यांच्या चाकरीत गेल्याची हकीकत आहे. शेजारी मुरूडला सिद्दी. १६७० च्या सुमारास औरंगजेबाने त्याला चाकरीत घेतलं आणि आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून पैसा मिळू लागला. आजच्या भाषेत याला सागरी सुरक्षेचं कंत्राट म्हणायला हरकत नाही.

आता शब्द बघा. डाउनिंगच्या पुस्तकाच्या शीर्षकातच कान्होजी 'पायरेट' आहे. आपल्याकडे तोच माणूस 'सरखेल' आहे, छत्रपतींचा आरमारप्रमुख. मॅथ्यूजच्या मांडीत भाला कसा घुसला ते तपशिलात सांगितलं जातं. साधा शिपाई पडला तर तो आकड्यात जातो, नाहीतर गटाच्या नावात. म्हणजे बातमीपत्र, अहवाल, आठवणी यांतली वर्गवारी तेव्हाही हेच ठरवत होती: कोणाला नाव मिळेल आणि कोणाला नुसती संख्या.

'शिलेदार' चढला, 'गारदी' पडला

आपली भाषाही यातून सुटलेली नाही. मराठी फौजेत बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारा आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा. नीट बघितलं तर शिलेदार हा कंत्राटावर आलेला लढवय्याच. पण आज 'पक्षाचा शिलेदार' हा गौरव आहे.

दुसरीकडे गारदी. तोही पगारी, कवायती पायदळाचा माणूस. इब्राहिमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि शब्द कायमचा डागाळला. दोघांचंही पोट पगारावरच चालत होतं. शब्दाची किंमत ठरवली ती आपल्या आठवणीने. संशोधनात पहिला धडा हा: शब्दाचा आजचा वास घेऊन जुना कागद वाचू नका, आणि आजची बातमी वाचताना शब्दाला जुना वास येतोय का ते तपासा.

फलुजा, काबूल आणि एक यादी

आता आपल्या काळात या. ३१ मार्च २००४ ला इराकमधल्या फलुजात ब्लॅकवॉटर कंपनीची चार अमेरिकी माणसं मारली गेली. स्वयंपाकघराचं सामान आणायला निघालेल्या ट्रकना ते संरक्षण देत होते. जमावाने मृतदेहांची विटंबना केली, दोन मृतदेह पुलावर टांगले, आणि ती छायाचित्रं जगभर गेली. अमेरिकेतल्या बातम्यांत ते 'नागरिक' आणि 'कॉन्ट्रॅक्टर' होते. युद्धाच्या विरोधकांच्या लेखी 'भाडोत्री'. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. 'नागरिकांना मारलं' असं म्हटलं की सूड न्याय्य वाटायला लागतो. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकी मरीन्सनी फलुजावर हल्ला चढवला. आणि मग त्या चौघांच्या कुटुंबीयांनी २००५ मध्ये कंपनीवरच दावा लावला, की पुरेसं संरक्षण न देता आमच्या माणसांना पाठवलं. त्या दाव्यात ते ना वीर होते ना भाडोत्री. ते कामगार होते.

२० जून २०१६ ला काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीच्या रक्षकांच्या मिनीबसवर हल्ला झाला. डझनाहून जास्त माणसं गेली, बहुतेक नेपाळी. बातम्यांत ते 'नेपाळी गार्ड' होते. कामाचं स्वरूप फलुजातल्या चौघांहून फार वेगळं नव्हतं. फरक होता पासपोर्टचा आणि पगाराचा. रशियाच्या वॅग्नर गटातली माणसं मेली की तीच माध्यमं सहज 'मर्सिनरी' लिहितात.

आता इथे मोजायची गोष्ट येते. अमेरिकी सैनिक मेला तर संरक्षण खात्याच्या यादीत जातो. कंत्राटी माणूस त्या यादीत जात नाही. त्याची नोंद कामगार खात्याकडे, १९४१ च्या डिफेन्स बेस ॲक्टखालच्या विमा दाव्यांत सापडते. दावा दाखल झाला तर नोंद. म्हणजे दूरच्या खेड्यातल्या विधवेला हा कायदा माहीतच नसेल, तर तिचा नवरा आकड्यातही येत नाही. युद्ध प्रत्यक्षात होतं त्यापेक्षा स्वस्त दिसतं.

आपला माणूस कुठल्या रकान्यात?

फार लांबचं वाटतंय? २०२४ च्या फेब्रुवारीत सुरतचा एक तरुण रशिया-युक्रेन युद्धात मारला गेला. त्याच्यासारख्या मुलांना 'मदतनीस' म्हणून नोकरी सांगितली होती. रशियन सैन्याच्या करारात ते लढाईच्या कामाला. मार्चमध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तेव्हा प्रकरण मानवी तस्करीचं झालं. बातमीत 'भारतीय तरुण ठार'. एका मरणाला चार कागद आणि चार शब्द. यातला कुठला शब्द टिकतो त्यावर ठरतं घरच्यांनी कोणाच्या दारात जायचं.

आणि पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. १८ ऑगस्ट २०२२ ला श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट सापडली, आत तीन एके-४७. 'संशयास्पद बोट', 'हाय अलर्ट' अशा पट्ट्या दिवसभर चालल्या. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं, की मस्कतहून युरोपकडे निघालेली ही बोट इंजिन बिघडल्यामुळे भरकटली आणि दहशतवादाचा धागा आढळलेला नाही. शस्त्रांचा संबंध लागला तो एका ब्रिटिश खाजगी सागरी सुरक्षा कंपनीशी. अशा कंपन्या जहाजांना चाच्यांपासून संरक्षण द्यायचं काम घेतात.

भीती खोटी नव्हती. याच तालुक्यातल्या शेखाडीला १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं होतं, आणि त्या १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पण लक्षात घ्या, 'समुद्रातली बंदूक' म्हटल्यावर आपल्याकडे सैन्य, पोलीस आणि अतिरेकी एवढे तीनच रकाने तयार होते. पगारी रक्षकाचा चौथा रकाना नव्हता. रकाना नसला की जुनी भीती तिथे येऊन बसते.

मग तुम्ही काय कराल?

एखादी लढाई, एखादं वर्ष, दोन वर्तमानपत्रं घ्या. प्रत्येक मृत्यूसाठी चार गोष्टी तक्त्यात लिहा. एक, नाम: जवान, रक्षक, कंत्राटदार, भाडोत्री, मजूर. दोन, क्रियापद. मराठीत हे फार बोलकं आहे: वीरमरण, शहीद, मृत्युमुखी, बळी, ठार, खात्मा, कंठस्नान. तीन, माणसाचं नाव दिलंय की फक्त देश आणि आकडा. चार, पगार कोण देत होतं ते बातमीत आहे का. माझ्या मते चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच रिकामा राहायची शक्यता सगळ्यात जास्त.

कोडिंग दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि किती जुळतं ते तपासा. 'शहीद चांगला, ठार वाईट' असं आधीच ठरवून बसू नका. 'ठार' कधी कधी नुसता मथळ्यात बसणारा छोटा शब्दही असतो. म्हणून मथळा आणि मजकूर वेगळे मोजा. आणि एक पथ्य पाळा: तक्त्यातली प्रत्येक ओळ हे कोणाचं तरी घर आहे.

मेलेला पगारी माणूस चांगला होता की वाईट, हा निकाल तुमच्या प्रबंधाने द्यायचा नाही. त्याला त्या दिवशी कोणी पाठवलं होतं आणि तो गेल्यावर कोणाच्या यादीत त्याची नोंद झाली, एवढं जरी तुम्ही दाखवू शकलात तरी काम झालं. कुलाब्याच्या वाळूवर पडलेल्या टोपासाबद्दल आज आपल्याला हे सांगता येत नाही. आत्ता जे मरतायत त्यांच्याबद्दल अजून सांगता येईल, कागद ताजे आहेत तोवर.