पाण्यात प्रकाश मंदावतो, हे कसे कळले?

पाण्यात तिरपा शिरणारा प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो, हे आपण वर्गात शिकवतो. याच झुकण्यावरून एकेकाळी मोठा वाद होता. न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे कणांचा झोत. पाणी कणांना ओढते, म्हणून पाण्यात त्यांचा वेग वाढतो. हायगेन्सच्या मते प्रकाश हा तरंग. पाण्यात तो मंदावतो, म्हणून वळतो. झुकण्याचा उलगडा दोघेही करीत. मग निवाडा कसा व्हावा? वेगच ताडून पाहायला हवा!

१८३८ साली आरागोने फिरत्या आरशाची युक्ती सुचवली. पण दृष्टी अधू झाल्याने प्रयोग त्याच्या हातून पुरा झाला नाही. १८५० मध्ये पॅरिसला फूकोने तो केला. फिरत्या आरशावरून प्रकाश स्थिर आरशाकडे जाऊन परते. तेवढ्यात फिरता आरसा किंचित वळलेला असे, त्यामुळे प्रतिमा सरके. हवेतून आलेल्या प्रतिमेपेक्षा पाण्याच्या नळीतून आलेली हिरवट प्रतिमा अधिक सरकलेली दिसली. म्हणजे पाण्यात प्रकाशाला जास्त वेळ लागला! न्यूटनचे अनुमान चुकले.

प्रकाश का मंदावतो, हे पुढे उलगडले. त्याच्या विद्युतक्षेत्राने अणूंतील इलेक्ट्रॉन हेलकावतात व स्वतःचे तरंग सोडतात. मूळ तरंगात ते मिसळून होणारा तरंग मागे रेंगाळतो. हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेग, पाण्यात सव्वादोन लाख. पाण्याबाहेर येताच वेग पूर्ववत होतो. अणूंवर धडका खाऊन तो गेला असता, तर असा परत मिळाला असता का? विद्यार्थ्यांना जरूर विचारा.