तिलिस्म ते विज्ञानकथा : उर्दू आणि मराठी बालवाचनातील अद्भुताची वाटचाल

बालकुमारांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा इंग्रजी पुस्तकांकडे जाते. उर्दू आणि मराठी या दोन भाषांत मात्र अद्भुताची स्वतःची दीर्घ परंपरा आहे आणि तिचा बराचसा भाग दोघींत सामायिक आहे. या परंपरेतील मूळ ग्रंथ मुलांसाठी लिहिलेलेच नव्हते. ते मुलांपर्यंत कसे आले, आणि त्यातून विज्ञानकथेपर्यंतची पायरी कोठे बांधली गेली व कोठे अर्धवट राहिली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन्ही भाषा शिकणारे विद्यार्थी ज्यांच्या वर्गात बसतात, अशा अध्यापकांसाठी हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

किस्सा आणि दास्तान

१८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्तानी शिकवण्यासाठी तेथे गद्य पुस्तके तयार करण्यात आली. मीर अम्मन यांचे ‘बाग-ओ-बहार’, हैदर बख्श हैदरी यांचे हातिमताईच्या किस्स्यावरील ‘आराइश-ए-महफिल’ आणि खलील अली खान अश्क यांची ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ ही त्यांपैकी प्रमुख होत. म्हणजे उर्दूतील अद्भुत गद्याची सुरुवातीची छापील पुस्तके पाठ्यपुस्तके म्हणून जन्मली. फक्त त्यांचा विद्यार्थी प्रौढ आणि परदेशी होता. हुस्नबानूच्या सात प्रश्नांची उत्तरे शोधत फिरणारा हातिम पुढे घराघरांतील मुलांचा झाला.

दास्तानीचा खरा विस्तार लखनौला झाला. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली सुरू केलेल्या छापखान्याने पुढे हमजाच्या दास्तानीचे ४६ खंड प्रसिद्ध केले. त्यातील सर्वांत गाजलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. तिचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी १८८३ ते १८९० या काळात लिहिले. उरलेले अहमद हुसेन कमर यांनी पूर्ण केले. दास्तानगो ही कथा प्रौढांच्या बैठकीत रात्ररात्र सांगत असे. मुले दाराआडून ऐकत असतील तेवढीच.

या दास्तानीतील दोन कल्पना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘तिलिस्म’. तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे. ती जादूने रचलेली, स्वतःचे नियम असलेली एक संपूर्ण दुनिया आहे. तिच्यावर अफरासियाबची सत्ता आहे, परंतु ती मोडण्याची रीत एका ‘लौह’वर, म्हणजे पाटीवर, आधीच नोंदलेली असते. तिलिस्म फोडणाऱ्याला केवळ तलवार पुरत नाही. पाटी मिळवून ती वाचावी लागते आणि तिच्याप्रमाणे वागावे लागते. दुसरी कल्पना ‘अय्यारी’. अमर अय्यारकडे काहीही मावणारी झंबील आणि अदृश्य करणारी गिलीम आहे हे खरे. तरीही जादूगारांना तो बहुतेक वेळा वेषांतर, बेशुद्धीचे औषध आणि हजरजबाबीपणा यांच्या बळावर हरवतो. जादूविरुद्ध हिकमत असा हा सामना आहे.

नियमबद्ध दुनिया आणि ते नियम शोधून काढणारी बुद्धी, या दोन्ही गोष्टी विज्ञानकथेलाही लागतात. हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही, याचा पुरावा हिंदीत सापडतो. बनारसचे देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता’ आणि ‘चंद्रकांता संतति’ या कादंबऱ्यांत तिलिस्म आणि अय्यारी उर्दूतून जशीच्या तशी उचलली, पण तिलिस्मातील चमत्कारांमागे कळी, यंत्रे आणि औषधी द्रव्ये ठेवली. जादूच्या जागी कारागिरी आली. विज्ञानकथेच्या दिशेने टाकलेले हे एक स्पष्ट पाऊल होते.

जाळलेली पुस्तके आणि पूर्ण केलेले भाषांतर

याच काळात दास्तानीला विरोधही झाला. डेप्युटी नजीर अहमद यांनी मुलींच्या वाचनासाठी ‘मिरातुल-उरूस’ (१८६९) लिहिली व तिला सरकारी बक्षीस मिळाले. १८७०च्या दशकातील त्यांच्या ‘तौबतुन्नसूह’ या कादंबरीत नसूह हा पिता थोरला मुलगा कलीम याची पुस्तके जाळतो. त्यांत किस्से आणि शृंगारिक काव्य आहे. नजीर अहमद यांची चिंता निराधार नव्हती. दास्तानीत मद्य आहे, शृंगार आहे, शत्रुपक्षाविषयी निर्दयता आहे. पण उपदेशाने वाचकाची भूक भागली नाही. त्यानंतर काही वर्षांतच ‘होशरुबा’ छापून बाहेर पडू लागली आणि खंडामागून खंड निघत राहिले.

मराठीत या सुमारास वेगळे चित्र दिसते. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अलिफ लैला’चे इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने भाषांतर आरंभले. ते अपुरे राहिले तेव्हा त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते पुढे नेऊन पूर्ण केले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारा हा करारी निबंधकार बगदादच्या जिनांची आणि गलबतांची भाषांतरे करण्यात कमीपणा मानत नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीच्या प्रतिष्ठित गद्याने अद्भुताला घरात घेतले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्या याच वातावरणातल्या. पुढे वास्तववादी टीकाकारांनी त्यांची थट्टा केली. तोपर्यंत मराठी वाचकाला त्यांची गोडी लागलेली होती.

मासिकांची शिडी

प्रौढांचे अद्भुत मुलांच्या हाती देण्याचे मोठे काम मासिकांनी केले. मराठीत विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ साली निघाले, तर वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ साली. उर्दूत मौलवी सय्यद मुमताज अली यांनी १९०९ साली लाहोरहून ‘फूल’ काढले आणि १९२६ साली जामिया मिल्लियाचे ‘पयाम-ए-तालीम’ सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या ‘खिलौना’ने मोठमोठ्या लेखकांना मुलांसाठी लिहिते केले. कृष्ण चंदर यांची ‘उल्टा दरख्त’ ही कादंबरी त्याच मासिकातून क्रमशः आली. झाड वर न वाढता जमिनीत खाली वाढते आणि नायक त्यावरून उतरत नवनव्या दुनिया पाहतो, ही कल्पना तिलिस्माचीच. पण त्या दुनियांत लेखकाने आपल्या समाजातील लोभ आणि अन्याय दाखवला आहे. लाहोरच्या फिरोजसन्सने मकबूल जहाँगीर आणि अख्तर रिझवी यांच्याकडून अनुक्रमे ‘अमीर हमजा’ आणि ‘होशरुबा’ यांची बालरूपे करून घेतली. नसूहने जाळलेल्या प्रकारची पुस्तके निवडून, गाळून, सोपी करून मुलांना देता येतात, हे त्यांनी दाखवले.

विज्ञानकथेच्या पायरीवर मात्र दोन्ही वाटा वेगळ्या होतात. मराठीत ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून १९००च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात आली. पुढे इंदूरला जन्मलेले भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी व्हर्नची रूपांतरे खास मुलांसाठी केली. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला तीत पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत मराठीत विज्ञानकथाकारांची एक पिढी तयार झालेली होती. रूपांतर, मासिक, संस्था आणि स्पर्धा अशा पायऱ्या एकावर एक चढत गेल्या.

उर्दूत प्रतिभा कमी पडली असे म्हणता येत नाही. इब्ने सफी यांच्या इम्रान मालिकेतील ‘झिरोलँड’ ही विज्ञानाच्या बळावर जगाला वेठीस धरणारी गुप्त सत्ता कुमारवाचकांना चांगलीच परिचित होती. इजहार असर यांनी विज्ञान कादंबऱ्या लिहिल्या. अहमदाबादचे मजहरुल हक अलवी यांनी रायडर हॅगार्डच्या साहसकथा उर्दूत आणल्या. शास्त्रीय परिभाषेचीही उणीव नव्हती. १९१७ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या दारुत्तर्जुमाने उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाची पाठ्यपुस्तके उर्दूत करून घेतली होती. पण परिभाषा विद्यापीठात राहिली, किस्सा जासूसी मालिकेत राहिला. दोघांना मुलांच्या पुस्तकात एकत्र आणणारी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. ‘खिलौना’सारखे मासिक बंद पडले की शिडीची एक पायरीच निखळली.

अध्यापकांसाठी

या इतिहासाचा संबंध आपल्या वर्गाशी पोचतो. बेळगाव, हैदराबाद किंवा इंदूरच्या उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी हमजा आणि हातिम यांची नावे आजी-आजोबांकडून ऐकून असतो. मराठी त्याला बहुधा क्रमिक पुस्तकापुरती भेटते. त्याचा मराठी वर्गमित्र नारळीकर वाचतो, पण अलिफ लैला आपल्या शेजारच्या भाषेत जिवंत आहे, हे त्याला ठाऊक नसते. दोघांकडे अर्धी अर्धी शिडी आहे.

ती जोडण्यास मोठा निधी लागत नाही. ‘होशरुबा’च्या बालरूपातील एक प्रसंग आणि नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा एकाच आठवड्यात शेजारी ठेवून पाहावी. एकीत पाटी वाचून तिलिस्म फुटते, दुसरीत गणित मांडून धूमकेतूचे संकट ओळखले व टाळले जाते. आणि तरीही घरची माणसे श्रेय विधीला देतात. संकट कोणत्या ज्ञानाने टळले, हा प्रश्न दोन्ही कथांना विचारता येतो. भाषेचे कामही सोबत होते. हिकमत, करामत, अजब, जादू, परी हे शब्द दोन्ही भाषांच्या मुलांना ओळखीचे आहेत. नारळीकरांच्या एका पुस्तकाचे नावच ‘टाइम मशीनची किमया’ असे आहे, आणि ‘किमया’ हा शब्द अरबी ‘कीमिया’चा. रसायनशास्त्राच्या इंग्रजी नावाच्या मुळाशीही तोच शब्द आहे, हे सांगितले की विज्ञान आणि अद्भुत यांतील अंतर मुलांना वाटते तेवढे उरत नाही.

ग्रंथपालांनी दोन्ही भाषांतील ही पुस्तके एका कपाटात ठेवावीत आणि महाविद्यालयीन नियतकालिकांनी वर्षातून एकदा तरी विज्ञानकथेची स्पर्धा दोन्ही लिप्यांत घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. मराठीत अशाच एका स्पर्धेने काय साधले, ते वर आले आहे. उर्दूत कथा सांगण्याची हिकमत दास्तानगोंच्या काळापासून आहे. तिला वर्गात जागा देणे एवढेच आपल्या हाती आहे.