तख्त-ए-रवाँ ते चाकाची खुर्ची: घराबाहेर पडण्याचा इतिहास

१/२४
इ.स. १७००. डिसेंबर १६९९ पासून चाललेला साताऱ्याचा वेढा एप्रिलमध्ये संपला होता आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी मोगल छावणी माण नदीकाठी खवासपूरला पडली होती. रात्री अचानक नदीला पूर आला. गोंगाट ऐकून मराठेच छावणीत शिरले असे वाटून ८१ वर्षांचा औरंगजेब घाईने उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला.

२/२४
हकिमांना तो सांधा नीट बसवता आला नाही. बादशहा उरलेल्या आयुष्यात लंगडतच राहिला. दरबारी मंडळींनी त्याला ‘तैमूरचा वारसा’ असे गोंडस नाव दिले. मोगलांचा तो पूर्वजही लंगडाच होता. पुढच्या मोहिमांत बादशहा ‘तख्त-ए-रवाँ’तून, म्हणजे माणसांनी वाहून नेलेल्या चालत्या सिंहासनातून फिरला.

३/२४
काबूलपासून दक्षिणेपर्यंत सत्ता होती, पण तख्त उचलणारे खांदे हजर असल्याखेरीज दूर कुठे जाता येत नव्हते. पुणे आणि सातारा यांच्यामधल्या, नीरेकाठच्या शिरवळमध्ये आज कोणी चाकाची खुर्ची निवडू लागले, तर त्यालाही पहिला प्रश्न हाच पडावा: हे साधन मला वाहून नेणार आहे, की मला स्वतः जाऊ देणार आहे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

४/२४
आपल्याकडे पालखी, मेणा आणि डोली ही जुनी वाहने. पालखीत बसणे हा मान होता. त्यासाठी पाय अधू असण्याची गरज नव्हती. ज्याचे पाय खरोखर अधू होते आणि घरी भोई ठेवण्याची ऐपत नव्हती, त्याच्या वाट्याला काठी, कुबडी किंवा घरच्यांची पाठ येई. डोंगरी वाड्यांत आजारी माणसाला आजही झोळीत घालून खाली आणावे लागते.

५/२४
याच काळात दूर जर्मनीत एक वेगळा प्रयोग होऊन गेला होता. न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात स्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी राहत असे. त्याचे पाय चालत नव्हते. १६५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. पुढच्या चाकाला दातेरी चक्रे आणि हाताने फिरवायचे दांडे होते.

६/२४
१६५५ मध्ये औरंगजेब शहाजादा होता आणि दख्खनची सुभेदारी सांभाळत होता. म्हणजे त्याचा गुडघा निखळण्याच्या ४५ वर्षे आधीच एका गावातला कारागीर स्वतःच्या हातांच्या बळावर रस्त्याने जाऊ लागला होता. आपल्या रस्त्यांवर दिसणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल आठवा. तत्त्व तेच आहे.

७/२४
फार्फलरची कल्पना मात्र लगेच रुजली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बाथ शहरात गाजली ती ‘बाथ चेअर’. औषधी पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या श्रीमंत रुग्णांसाठी ती बनवलेली होती. चाके होती, गादी होती, काहींना छतही होते; पण ओढायला किंवा ढकलायला माणूस लागे. पालखीला चाके लागली, एवढाच फरक.

८/२४
पुढचे मोठे वळण १९३३ चे. अमेरिकेतील खाण अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट १९१८ च्या अपघातात जायबंदी झाला होता. तेव्हाच्या अवजड खुर्च्या मोटारीत मावत नसत. त्याने हॅरी जेनिंग्ज या यंत्र अभियंत्याच्या मदतीने पोलादी नळ्यांची, मधोमध फुलीच्या आकाराचा सांगाडा असलेली, घडी होणारी खुर्ची बनवली.

९/२४
या खुर्चीने प्रवास शक्य केला. तिच्या असंख्य नकला जगभर पसरल्या, आणि आपल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यात उभी दिसते ती त्याच घराण्यातली. परंतु व्हरांडा सपाट असतो आणि तिथे ढकलायला कर्मचारी असतो. तीच खुर्ची जशीच्या तशी गावच्या रस्त्यावर आली, की तिची पुढची छोटी कडक चाके पहिल्याच खळग्यात अडकतात.

१०/२४
आता आपल्या मुलखाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे.

११/२४
सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर परिसरातून सैन्यात गेलेले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गंभीर जखमी झाले. एक गोळी मणक्यात रुतून राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले.

१२/२४
१९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. देशाने त्यांची दखल फार उशिरा घेतली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. इस्लामपूरहून पुण्याला जाणारा रस्ता कऱ्हाड, सातारा, खंबाटकी घाट आणि शिरवळ करूनच जातो.

१३/२४
त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिकला झाले, मग पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का? कारण म्युनिकचे क्रीडाग्राम ऑलिम्पिक संपताच खासगी सदनिकांसाठी द्यायचे ठरले होते. चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूंना तिथे जागा उरली नाही. खुर्ची कितीही उत्तम असो, पुढे जागा ठेवलेली नसेल तर ती दारातच थांबते.

१४/२४
मराठी वाचकाला ‘चाकाची खुर्ची’ हा शब्दप्रयोग घरचा वाटतो, त्याचे मोठे श्रेय कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना जाते. ऐन तारुण्यात त्यांच्या कमरेखालच्या शरीराची हालचाल थांबली. १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. संस्थेच्या कामात वसतिगृह, शाळा आणि सिंधुदुर्गातील काजू प्रक्रिया हे सारे येते. खुर्ची मिळाल्यावर जायचे कुठे, याचे हे उत्तर आहे.

१५/२४
खडबडीत रस्त्याचा प्रश्न जगात ज्यांनी मनावर घेतला, त्यांत राल्फ हॉचकिस हे नाव मोठे. १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर ते स्वतः खुर्ची वापरू लागले. गरीब देशांतील कारागिरांबरोबर काम करून त्यांनी खुर्चीची पुढची चाके रुंद आणि लवचीक केली, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर वाढवले आणि सुटे भाग सायकलच्या दुकानात मिळतील असे ठेवले.

१६/२४
२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साधनांची टंचाई असलेल्या प्रदेशांसाठी हातखुर्च्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. योग्य खुर्ची कोणती? जी वापरणाऱ्याच्या गरजेला आणि त्याच्या परिसराला जुळते, मापात बसते, शरीराला आधार देते, टिकते, आणि जिची दुरुस्ती त्याच देशात परवडेल अशा खर्चात होते. या कसोटीवर एकाच मापाच्या शंभर खुर्च्या वाटण्याचा समारंभ क्वचितच उतरतो.

१७/२४
आपल्याकडे कानपूरची ‘ॲलिम्को’ ही सरकारी संस्था १९७२ पासूनची. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ चा, त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. एक बदल मुद्दाम सांगण्यासारखा: मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला इंग्रजीत ‘रुग्णाईताची गाडी’ अशा अर्थाचा शब्द होता, २०१९ च्या दुरुस्तीने तिथे ‘जुळवून घेतलेले वाहन’ अशा अर्थाचा शब्द आणला. चालवणारा रुग्ण नसून चालक आहे, हे मान्य व्हायला इतका काळ लागला.

१८/२४
आता पुन्हा शिरवळ. सुभानमंगळच्या लढाईमुळे इतिहासात आलेले हे गाव आज महामार्गावरचे औद्योगिक ठाणे आहे. अशा गावात एकाच फेरीत डांबर, खडी, माती, चढ आणि दुकानाची पायरी भेटते. म्हणून साधन निवडण्याआधी आपली रोजची वाट कागदावर मांडावी: घर ते दुकान, घर ते एसटीचा थांबा, घर ते कामाची जागा. सर्वात कठीण टप्पा कोणता, त्यावरून साधन ठरवावे.

१९/२४
थोडे चालता येत असेल तर काठी किंवा कुबडी आधी पाहावी. काठीची मूठ साधारण मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी आणि टोकाचे रबर झिजले की लगेच बदलावे. ओल्या फरशीवर सगळा भार त्याच्यावरच असतो. घरात कुबडी आणि बाहेर खुर्ची अशी जोडी ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. दमून घरीच बसण्यापेक्षा चाकांवरून बाजार गाठणे केव्हाही बरे.

२०/२४
खुर्ची स्वतः ढकलायची असेल तर बसून हात चाकाच्या माथ्यावर ठेवावा; कोपर वाकलेले राहिले पाहिजे. आसन फार रुंद असेल तर हात पोचत नाही आणि अंग एका बाजूला कलते. संवेदना गेलेल्या शरीराला गादी ही चैन नाही. चुकीच्या गादीने झालेली जखम माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवते.

२१/२४
अंतर लांब असेल तर फार्फलरची वारसदार, म्हणजे हाताची तीनचाकी, खुर्चीपेक्षा सोपी पडते. बाजूला दोन जादा चाके लावलेली स्कूटर त्याहून पुढे नेते. अडचण एकच: दोन्ही दुकानाच्या दारापर्यंतच जातात. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून आलेले ‘निओबोल्ट’ हे विजेवर चालणारे पुढचे चाक खुर्चीला जोडता येते आणि पोचल्यावर काढून ठेवता येते. रस्ता आणि दार हे दोन्ही प्रश्न ते एकत्र हाताळते.

२२/२४
उतारावर ब्रेक एका हाताने लागतो का, खुर्ची मागे उलटू नये म्हणून मागे लहान चाके आहेत का, पंक्चर गावातल्या दुकानात निघते का, पावसात बॅटरीचे काय होते, हे विकत घेण्याआधी पाहावे. शक्य असेल तर साधन दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, आपल्या वाटेवर अर्धा तास चालवून पाहावे. निवड करताना वापरणारी व्यक्ती हजर असावी, आणि शेवटचा शब्द तिचा असावा.

२३/२४
उरलेले काम गावाचे. उतरंडीचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. दुकानाचे जोते ६० सेंटिमीटर उंच असेल तर सव्वासात मीटरच्या आसपास. फळी टाकून केलेला उभा उतार बहुधा ढकलणाऱ्याच्या भरवशावरच चढता येतो. नवे बांधकाम होतानाच हे गणित केले, तर पुढे मोडतोड करावी लागत नाही.

२४/२४
बादशहाच्या तख्ताला खांद्यांची कमतरता नव्हती. तरी ते उठायचे ते इतरांच्या बळावर. आल्टडॉर्फच्या घड्याळजीकडे लाकडी चाके आणि दोन हात होते, आणि तो मनात येईल तेव्हा निघत असे. आपल्या घरात एखादी न वापरलेली खुर्ची कोपऱ्यात उभी असेल, तर ती का वापरली जात नाही, हे तिच्या धन्यालाच विचारावे. बहुतेक वेळा उत्तर चाकात, मापात किंवा उंबरठ्यात सापडते, आणि या तिन्ही गोष्टी बदलता येतात.

धागा समाप्त. आपल्या गावातील अनुभव खाली अवश्य लिहावेत.