मेक्सिकोच्या खेड्यांत शेतीशाळा भरवणारे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे कोण होते?

धाराशिव जिल्ह्यात कृषी विभागाची शेतीशाळा भरते तेव्हा तिथं फळा-खडू नसतो. शेतकरी बांधावर गोळा होतात, सोयाबीनचं पान उलटं करून अळी शोधतात आणि फवारणी करायची की नाही ते तिथंच ठरतं. पोकरा प्रकल्पामुळे हे नाव आता गावोगावी माहीत झालंय.

साधारण १०० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या खेड्यांत एका मराठी माणसानं अशाच शाळा काढल्या होत्या. पांडुरंग सदाशिव खानखोजे. (त्या शाळांचा आणि आपल्या शेतीशाळेचा थेट संबंध नाही, हे आधीच सांगून टाकू.)

खानखोजे मूळ वर्ध्याचे. टिळकांच्या विचारांनी भारावलेले. विद्यार्थी म्हणून अमेरिकेला गेले आणि शेतीशास्त्र शिकले. सोबत कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षणही घेतलं, कारण परत येऊन इंग्रजांशी लढायचं होतं. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला, त्यात ते पहिल्या फळीत होते. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढं बर्लिन, मॉस्को. इंग्रज असेपर्यंत भारतात परतणं शक्य नव्हतं. शेवटी १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठलं.

मेक्सिकोच का?

१९१० ला सुरू झालेली तिथली क्रांती नुकतीच थंडावली होती. जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटल्या जात होत्या. खानखोजे ज्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागले, तेसुद्धा एका बड्या जमीनदारी वाड्यातच भरायचं. आपल्या भाषेत गढीच म्हणा. पण जमीन मिळालेला शेतकरी काही कॉलेजात येणार नव्हता. मग कॉलेजातलं ज्ञान गावात न्यायचं ठरलं आणि 'मुक्त शेती शाळा' निघाल्या. फी नाही. ओकोपुल्को गावातल्या शाळेला तर शेतकऱ्यांचा क्रांतिकारी नेता एमिलियानो सापाता याचं नाव दिलं होतं.

त्या गावांत खानखोजेंना जे दिसलं असेल, ते मराठवाड्यातल्या माणसाला फार परकं वाटणार नाही. आपण ज्वारीत तुरीचं तास धरतो. तिकडं मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतात. त्याला म्हणतात 'मिल्पा'. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात आणि ओल टिकते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यावर वाटायचा आणि त्याची भाकरी तव्यावर भाजायची, ही तिथली हजारो वर्षांची पद्धत. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. हे शास्त्राला कळायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या बायका करत होत्या.

सणांचंही तसंच. २ फेब्रुवारीला बियाण्याची कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. मे महिन्यात सान इसिद्रो या शेतकऱ्यांच्या संताचा उत्सव असतो. मेतेपेक गावात त्याच्या मिरवणुकीत बैलजोड्या सजवतात आणि धान्याच्या बिया चिकटवून मोठमोठी चित्रं करतात. आपला पोळाच जणू!

मक्यावरचं काम

मक्याचा रानटी पूर्वज म्हणजे तेओसिंते नावाचं गवत. मेक्सिकोच्या काही भागांत ते आजही मक्याच्या रानात आपोआप उगवतं. खानखोजेंनी मक्याचा त्याच्याशी संकर करून नवीन वाणांवर प्रयोग केले. म्हणजे कच्चा माल शिवारातलाच. प्रसिद्ध छायाचित्रकार टीना मोदोत्तीनं त्यांच्या या कामाचे फोटो काढले. दिएगो रिव्हेरानं १९२८ मध्ये मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची भाकरी' या अर्थाचं चित्र काढलं. त्यात सगळ्यांसोबत टेबलाशी बसून भाकरी मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असं मानलं जातं.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन यांच्याशी लग्न केलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, पण तिकडच्यासारखं काम इथं पुन्हा उभं राहिलं नाही. २२ जानेवारी १९६७ ला नागपुरात त्यांचं निधन झालं. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलंय.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. हा पुतळा आहे चापिंगोच्या कृषी विद्यापीठात.