सूर्यनमस्कार, त्वचा आणि देहाचे घड्याळ

१/८ सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेतले की देहाचे घड्याळ जुळते, असे सर्रास सांगितले जाते. पण हे काम त्वचा करते की डोळा? या प्रश्नाचा माग जतच्या मुलखातून काढू. #थ्रेड

२/८ जत आणि औंध ही दोन्ही मूळची सातारच्या राज्यातील जहागीर-संस्थाने. जतला डफळे, औंधला पंतप्रतिनिधी. औंधकरांचे आटपाडी आज जतप्रमाणेच सांगली जिल्ह्यात आहे.

३/८ औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब (१८६८-१९५१) प्रथम सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातील शाळांत त्यांनी ते रुजविले. १९३८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले.

४/८ त्यांचा भर बल, आरोग्य व नियमितपणा यांवर होता. देहाच्या घड्याळाचे आजचे शास्त्र बहुतांशी त्यांच्या पश्चात उभे राहिले. म्हणून ते त्यांच्या तोंडी घालणे इतिहासाला धरून होणार नाही.

५/८ १९९८ मध्ये अमेरिकेतील कँपबेल व मर्फी यांनी खळबळजनक दावा केला : गुडघ्यामागच्या त्वचेवर प्रकाश टाकला तरी देहाचे घड्याळ सरकते! २००२ मध्ये राइट व चाइस्लर यांनी डोळ्यांवर प्रकाश पडू न देता तोच प्रयोग तपासला. घड्याळ सरकले नाही.

६/८ गंमत अशी की, प्रकाश टिपणारे मेलानॉप्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये प्रथम सापडले ते बेडकाच्या त्वचेत. माणसात मात्र ते डोळ्याच्या पडद्यातील मोजक्या पेशींत काम करते. त्या पेशी मेंदूतील मुख्य घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींचेही घड्याळ प्रकाशाने जुळते. दोन्ही डोळे काढावे लागलेल्यांचे जुळत नाही.

७/८ मग त्वचा रिकामी बसते का? नाही. तिच्या पेशींचीही स्वतःची घड्याळे असतात आणि उन्हातून ती ड जीवनसत्त्व घडविते. पण त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य क्षितिजालगत असताना फारच क्षीण असतात.

८/८ तेव्हा पहाटे ठरल्या वेळी उघड्यावर नमस्कार घालणाऱ्याचे घड्याळ जुळत असेल, तर ते उजेड डोळ्यांत शिरल्यामुळे. त्यासाठी सूर्याकडे टक लावण्याची मुळीच गरज नाही. तसे करणे डोळ्यांना घातक आहे. ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्यापेक्षा, एका राजाने लावलेली शिस्त आणि अर्धशतकानंतर लागलेला शोध यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. दोघांनाही न्याय त्यातच आहे.